ताईचा रोल

हात हा माझा धंदा आहे. म्हणजे रुग्णालयात मी हातांवर उपचार करते. कुणाचं मनगट यंत्रात सापडलेलं असतं, कुणाचं बोट प्लास्टरमधून काठीसारखं ताठ बाहेर येतं, कुणाला झटका येऊन गेल्यावर मूठच उघडता येत नाही. मी समोर बसते, त्यांचा हात हातात घेते आणि एकेक सांधा मोकळा करत जाते. वीस वर्षं हेच करतेय. रुग्णाचं नाव मी विसरते, चेहरा तर हमखास विसरते. पण एकदा हाताळलेला हात मला दहा वर्षांनीही ओळखू येतो. ही फुशारकी नाही. पुढे जे सांगायचंय त्यासाठी एवढं ठाऊक असलेलं बरं.

गेल्या वर्षी एका सोमवारी घरी पार्सल आलं. वर माझा पत्ता मोठ्या छापील अक्षरांत, पाठवणाऱ्याच्या जागी भाऊजींचा. आत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला ताईचा कॅमेरा होता. चिठ्ठी नव्हती. मी टॉवेल दोनदा झटकून पाहिला.

ताई त्याच्या सहा वर्षं आधी गेली. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडली, दुपारी साडेतीनच्या सुमाराला. घरात भाऊजी होते. त्यांची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती शाळेत होती, असं सांगितलं गेलं. भाऊजी आधी म्हणाले, मी आंघोळ करत होतो. मग म्हणाले, डोळा लागला होता. आणि कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणाले, त्या दिवशी तिने कॅमेरा नेलाच नव्हता.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ताई कपडे वाळत घालायला जातानाही कॅमेरा गळ्यात अडकवायची. शिवाय तो घरातही सापडला नाही. मी पोलिसांत तक्रार दिली, भाऊजींकडे सरळ बोट दाखवून. त्यांना चार दिवस ठेवून घेतलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. पण तोवर शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं होतं, कचेरीतल्यांनी पाठ फिरवली होती. ते मुलीला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेले. आई मला म्हणाली, ‘‘आता पुरे कर.’’ मी केलं नाही. सहा वर्षं मी एकच प्रश्न उराशी धरून होते: कॅमेरा कुठे आहे?

आता तो माझ्या मांडीवर होता. वरचा आकडा छत्तिसावर थांबलेला. आत रोल तसाच.

माणसाचं मन शेवटी खातंच, असं मला वाटलं. भाऊजींचं खाल्लं असणार.

ताई ज्यांच्याकडे फोटोग्राफी शिकली ते सर अजून होते. आयुष्यभर वर्तमानपत्रासाठी फोटो काढले, मग स्टुडिओ चालवला, मग तोही बंद केला; पण मागची डार्करूम मोडली नाही. विद्यार्थी त्यांना पाठीमागे हायपो सर म्हणायचे, कारण त्यांच्या शर्टाला, वह्यांना, अगदी डब्यातल्या बिस्किटांनाही फोटो पक्का करणाऱ्या त्या रसायनाचा वास यायचा.

‘‘एवढा रोल धुऊन द्या,’’ मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं थरथरत होती.

‘‘हे काय आहे ते माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. हल्ली माझ्या कपातला चहा बशीच पिते.’’

‘‘मग लॅबमध्ये देऊ?’’

‘‘सहा वर्षं अंधारात पडलेला रोल. त्यावर प्रकाशाचा जो काही ठसा आहे तो आता जेमतेम उरला असेल. संधी एकदाच. लॅबमधलं पोरगं इतर दहा रोलांबरोबर हा टाकणार आणि तुला म्हणणार, काही आलं नाही.’’ त्यांनी हात खिशात घातले. ‘‘तू शीक. चार महिने दर शनिवारी ये. हाताला सवय झाली की तूच धुव. बहिणीचं काम आहे, परक्याच्या हातात कशाला?’’

मी चाळिशी ओलांडलेली बाई. पण गेले.

दुपारी दोन ते पाच. बाहेरच्या खोलीत एन्लार्जर, तीन ट्रे, चिमटे, भिंतीवर मोठ्या काट्याचं घड्याळ आणि लाल दिवा. पहिल्या शनिवारी सरांनी त्यांचीच एक जुनी निगेटिव्ह दिली, सायकलवरचा पाववाला. मी कोऱ्या कागदावर आठ सेकंद प्रकाश टाकला, कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडला, ट्रेची एक कड उचलून हलवत राहिले. वीस सेकंद काही नाही. मग कागदाच्या मधोमध करडा डाग, डागातून चाकाची कड, चाकातून आरे, आणि एकदम तो माणूस माझ्याकडे बघू लागला. मी इतकी दचकले की चिमटा ट्रेमध्ये पडला.

‘‘दचकलीस ते चांगलं झालं,’’ सर म्हणाले. ‘‘जो दचकत नाही त्याला मी दुसऱ्या शनिवारी बोलावत नाही.’’

मला ते काम आवडायला लागलं. वीस अंशांचं पाणी, मोजलेली मिनिटं, एकामागून एक ठरलेल्या पायऱ्या. माझ्या स्वभावाला हे सगळं मानवणारं होतं. अडायचं फक्त एका ठिकाणी. रोल डबीतून काढून प्लास्टिकच्या रिळावर चढवायचा आणि रीळ टाकीत ठेवून झाकण लावायचं, हे पूर्ण काळोखात करावं लागतं. तिथे लाल दिवासुद्धा चालत नाही. त्यासाठी सरांनी पूर्वीची अडगळीची खोली ठेवली होती. खोली कसली, उभं कपाटच. दोन्ही कोपरं बाहेर काढली की दोन्ही भिंतींना लागायची. एक फळी, पाठीमागे जाड काळा पडदा, पडद्यामागे दार. सर बाहेर थांबून सूचना द्यायचे.

तिसऱ्या शनिवारी फिल्म रिळात अडकली. अडकलेली फिल्म ओढली की दुमडते, दुमडली की तिथली चित्रं गेली. मला घाम फुटला. तेवढ्यात माझ्या उजव्या हातावर एक हात आला. त्याने माझी बोटं जराशी मागे घेतली, रीळ अर्धा वळसा उलटं फिरवलं, फिल्मची कड मोकळी केली आणि मग माझाच हात धरून सरसर पुढे चढवली. मी झाकण लावलं आणि बाहेर आले.

‘‘बरं झालं पडद्यातून हात घातलात.’’

सर पलीकडच्या खोलीत ओट्यापाशी होते. हातात गाळणं, चहा अर्धा कपात, अर्धा ओट्यावर.

‘‘मी कुठला हात घालतोय? मी इथे केव्हापासून चहा पुसतोय.’’

मी हसले. घरी जाताना स्वतःला समजावलं. माझ्याकडे असे रुग्ण येतात ज्यांचा हात कोपरापासून काढलेला आहे आणि तरी तळव्याला खाज सुटते. मेंदूला काही दिसेनासं झालं की तो रिकामी जागा आपल्या मनाने भरतो. त्यात भिण्यासारखं काय?

पुढच्या शनिवारी हात पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. सहाव्या शनिवारी मी फिल्म फळीवर ठेवली आणि तो हात सरळ पकडला. रुग्णाचा पकडते तसा, मनगटाखाली आधार देऊन. त्याने सोडवून घेतला नाही.

त्वचा कोरडी, खोलीपेक्षा किंचित थंड. उजवा हात, बाईचा. मनगटाच्या पुढे काय आहे ते मी चाचपलं नाही. अंगठा मोकळा. मग तर्जनी. तर्जनीचं शेवटचं पेर अंगठ्याकडे झुकलेलं होतं. जुनं मोडलेलं हाड वाकडं जुळलं की असं होतं.

मी नऊ वर्षांची असताना ताईच्या बोटावर कपाटाचं दार आपटलं होतं. रागाने, मुद्दाम. तिने आईला सांगितलं, माझ्याच हातून लागलं. ते बोट नीट बसलं नाही. मोठी झाल्यावर मी ते शंभरदा हातात घेऊन बघितलंय. उपचार शिकत असताना तर परीक्षेसाठी त्याचा कोनसुद्धा मोजला होता.

मी हात सोडला. तो शांतपणे फळीवर फिरला, फिल्म शोधली आणि माझ्या हातात दिली.

सरांना मी काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘‘ताई याच खोलीत रोल चढवायची?’’

‘‘सात वर्षं.’’ ते माझं रीळ उजेडात न्याहाळत होते. ‘‘एका मिनिटात चढवायची. तुझंही हल्ली तसंच चढतं.’’ मग त्यांनी रीळ खाली ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं नाही.

तिथून पुढे मी शनिवारसाठी जगायला लागले म्हटलं तरी चालेल. बुधवारपासून दिवस मोजायचे. नवरा म्हणायचा, ‘‘तुला म्हातारपणी छंद लागलाय की वेड?’’ मी म्हणायचे, ‘‘दोन्ही.’’ त्याला काय सांगणार? सहा वर्षं जिच्यासाठी मी सगळ्यांशी भांडले ती मला आठवड्यातून दहा मिनिटं भेटत होती, आणि पूर्वीसारखीच शिकवत होती. चुकले की बोटाच्या पेरावर टिचकी. बरोबर आलं की मनगटावर दोनदा थोपटणं. लहानपणी तिने मला अक्षरं गिरवायला अशीच शिकवली होती.

एकदा मी काळोखात विचारलं, ‘‘ताई, कोणी केलं?’’

हात लगेच निघून गेला. त्या दिवशी परत आला नाही.

मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला. तिला बोलता येत नाही. रोल बोलेल. म्हणूनच तर ती मला शिकवतेय.

चार महिन्यांत मी सतरा रोल धुतले. रस्ते, दारं, रुग्णांचे हात, नवऱ्याची मान. एकही बिघडला नाही. अठरावा ताईचा.

त्या शनिवारी सरांनी सगळी तयारी आधीच करून ठेवली होती. जुन्या फिल्मसाठी डेव्हलपर जरा जास्त वेळ, पाणी बरोबर वीस अंशांवर. हायपोचा जुना साठा त्यांनी ओतून दिला होता. त्याची नवी बाटली, न फोडलेली, मोरीजवळ उभी होती. ‘‘ही मात्र तू आत असताना उघडायची नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आज मला कसलीच जोखीम नको.’’ त्यांनी माझे हात साबणाने धुवायला लावले, दोनदा, आणि कोऱ्या पंचाने स्वतः पुसले.

मी आत गेले. दार लागलं. पडदा सारला.

‘‘ताई,’’ मी म्हणाले, ‘‘आज तुझा.’’

डबीचं झाकण उचकटलं. रोल तळहातावर घेतला. सहा वर्षं वेटोळं होऊन पडलेली फिल्म स्प्रिंगसारखी ताठ झाली होती. तिची पुढची निमुळती जीभ कापून मी टोक रिळाला लावणार, एवढ्यात हात आला.

तो ओला होता.

इतक्या शनिवारांत तो कधी ओला नव्हता. मला वाटलं, तिलाही घाम फुटलाय. वेडी माया असते माणसाची, तिला काहीही पटतं.

हाताने माझ्याकडून फिल्म घेतली. मी दिली.

मग ती माझ्या बोटांमधून हळूहळू सरकू लागली. थोडी सरकायची आणि थांबायची. थांबली की त्या ठिकाणी ती किंचित दबल्याचं जाणवायचं. मग पुन्हा सरकायची. पुन्हा थांबायची. एका लयीत. जणू कुणी माळेचे मणी ओढतंय.

ती निरोप घेतेय, असं माझ्या मनात आलं. आपल्या शेवटच्या चित्रांवरून हात फिरवतेय. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी एका शब्दाने तिला अडवलं नाही.

शेवटी हाताने फिल्म परत दिली. मनगटावर दोनदा थोपटलं.

मी रीळ चढवलं. झाकण लावलं. बाहेर आले.

अकरा मिनिटं डेव्हलपर. दर मिनिटाला टाकी उलटी-सुलटी. मग पाण्याने विसळणं. मग सरांनी माझ्यादेखत नव्या बाटलीचं सील फोडलं आणि हायपो ओतला. पाच मिनिटं. मी झाकण उघडलं आणि फिल्म उजेडात धरली.

चित्रं आली होती.

कडेचे आकडे स्वच्छ, गच्चीचा कठडा स्पष्ट, पाण्याची टाकी, कपड्यांच्या दोऱ्या. मी ओरडलेच. सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

‘‘हे काय?’’ ते म्हणाले.

प्रत्येक चित्रात एक काचेसारखा रिकामा डाग होता. लंबगोल.

‘‘हायपो लागलाय. धुवायच्या आधीच. कोरड्या फिल्मला हायपोचं बोट लागलं की तेवढं चित्र कायमचं गेलं.’’ त्यांनी माझा उजवा हात नाकाशी नेला. ‘‘तुझ्या हाताला वास नाही. आणि बाटली तर आत्ता फोडली.’’

‘‘एकाच चित्राला लागलाय का?’’

त्यांनी फिल्म टोकापर्यंत नेली. ओठ हलत होते.

‘‘छत्तीस.’’

आम्ही फिल्म टांगून वाळू दिली. मग पट्ट्या कापून सगळी चित्रं एका कागदावर छापली. निगेटिव्हमध्ये जे रिकामं असतं ते कागदावर काळं येतं. छत्तीस छोट्या गच्च्या, आणि प्रत्येकीत एक काळा अंगठा. रेषासुद्धा दिसत होत्या. ताईने त्या दुपारी कुणाचे तरी फोटो काढले होते. कधी ते माणूस टाकीपाशी होतं, कधी दोरीखाली, कधी अगदी कोपऱ्यात. अंगठा जिथे जिथे ते होतं तिथे अचूक पडला होता.

‘‘न धुतलेल्या फिल्मवर काही दिसत नसतं,’’ सर म्हणाले. ‘‘उजेडातसुद्धा. तिथे नुसता करडा पृष्ठभाग असतो. काळोखात कुणाला कळणार कोण कुठे उभं आहे?’’

मी अकरावं चित्र एन्लार्जरमध्ये घातलं आणि मोठं केलं. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये ते उमटू लागलं. आधी तो अंगठा आला, सगळ्यात काळा. मग गच्ची. मग गच्चीच्या फरशीवर, अंगठ्याच्या बाहेर, एक सावली.

दुपार उतरायला लागली होती, सावली चांगली लांबली होती. बारीक पाय. गुडघ्याच्या वर संपलेला झगा. गळ्यातून लोंबणारी पाण्याची बाटली.

शाळेतून नुकतंच आलेलं मूल.

मी शेवटचं चित्र लावलं. ते तिरकं होतं. गच्ची एका बाजूला कलंडलेली आणि कठडा नको तितका उंच. काळा अंगठा कठड्याच्या वर. त्याच्या खाली कठड्यावरून लोंबणारी दोन अनवाणी पावलं उरली होती. पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट लांब. आमच्या घरातले पाय. ताई कठड्यावर बसली होती, आणि फोटो तिने काढलेला नव्हता.

सरांनी पंजा आडवा धरून स्वतःच्या कमरेला लावला. ‘‘कॅमेरा इतक्या उंचीवर होता. ज्याने काढला तो एवढा असणार.’’ मग हळूच म्हणाले, ‘‘लहान मुलांच्या हातात कॅमेरा दिला की ती आपण म्हणतो तेच समोरच्याला म्हणतात...’’

मला ते वाक्य पाठ होतं. फोटो काढताना ताई आम्हा सगळ्यांना तेच म्हणायची. थोडं मागे. अजून थोडं.

मी तिथूनच आईला फोन केला.

‘‘आई, ठिपकी त्या दिवशी गच्चीवर होती?’’ भाचीला आम्ही ठिपकी म्हणायचो.

पलीकडे भांड्यांचा आवाज चालू होता. तो थांबला.

‘‘तुला कोणी सांगितलं?’’

‘कोणी सांगितलं?’ एवढंच. आईने ‘काहीतरीच काय’ म्हटलं नाही, ‘कशावरून’ म्हटलं नाही.

‘‘म्हणजे तुला माहीत होतं.’’

‘‘जावयांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ठिपकीला त्यांनीच खाली आणून झोपवलं, कॅमेरा लपवला. पोरीला काही आठवत नाही, आठवू द्यायचं नाही, एवढंच ठरलं.’’

‘‘मी त्यांना पोलिसांत दिलं, आई. तू बघत होतीस.’’

‘‘ते म्हणाले, माझ्यावर येतंय तर येऊ दे.’’

‘‘आणि मी? मला का नाही सांगितलं?’’

आईने पलीकडे नळ बंद केला. मग म्हणाली, ‘‘तुला कळलं असतं तर तू त्या पोरीला जवळ बसवून विचारत राहिली असतीस. नीट आठव म्हणाली असतीस. तुझा स्वभाव आम्हाला ठाऊक नाही का?’’

मी फोन ठेवला. सर मोरीपाशी ट्रे धूत होते, पाठ माझ्याकडे करून. मी फळीवाल्या खोलीत गेले, पडदा सारला, दार ओढून घेतलं आणि काळोखात उभी राहिले. हात पुढे केला. दोन्ही हात केले.

कुणी आलं नाही.

आईचं मी समजू शकते. भाऊजींचंही. पण ताई? सहा वर्षं मी तिच्या बाजूने एकटी लढत होते. तिने चार महिने माझा हात धरला, टिचक्या मारल्या, थोपटलं, लहानपणासारखा जीव लावला. आणि हे सगळं कशासाठी, तर मी निमूटपणे तो रोल तिच्या हातात द्यावा म्हणून. मी दुसऱ्या कुणाला दिला असता तर तिला तो हाताळता आला नसता. तिने मला शिकवलं नव्हतं. कामाला लावलं होतं. काम झाल्यावर थोपटून सोडून दिलं होतं.

मी निगेटिव्ह कात्रीने कापल्या. बारीक, नखाएवढ्या. सर बघत होते.

पुढच्या आठवड्यात मी भाऊजींच्या गावी गेले. रुग्णालयातून रजा घेतली, बसने पाच तास. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दारात दोनच चपलांचे जोड. भाऊजींनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे. मला पाहून ते मागे सरले आणि वाट मोकळी केली.

मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. म्हणाले, ‘‘रोल बिघडला. काही आलं नाही. मी तुम्हाला... मला क्षमा करा.’’

‘‘कुठला रोल?’’

‘‘तुम्ही पाठवलेला. कॅमेऱ्यातला.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. ‘‘कॅमेरा माझ्या कपाटात आहे. कुलपात.’’ मग ते आत गेले. किल्लीचा आवाज आला, कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि नंतर बराच वेळ काहीच आलं नाही.

आतल्या दारात ठिपकी उभी होती. आता बारा वर्षांची, उंच, भाऊजींच्या डोळ्यांची. ती येऊन माझ्याशेजारी बसली. परकेपणा अजिबात नाही.

‘‘पार्सल मी पाठवलं, मावशी,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘बाबांना नको सांगूस. आईने सांगितलं होतं, मावशीकडे पाठव म्हणून.’’

‘‘कधी सांगितलं होतं?’’ मी विचारलं. मला वाटलं, ती म्हणेल, मी लहान असताना.

‘‘पाठवायच्या आदल्या दिवशी.’’

आतून कपाटातलं सामान हलवल्याचा आवाज येत होता. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. वेणी घट्ट होती. भांग सरळ, पेड अगदी सारखे, शेवटाला रिबिनीची गाठ मागच्या बाजूने लपवलेली. स्वतःची स्वतः घातलेली वेणी अशी येत नाही; त्यासाठी पाठीमागे दुसरं माणूस लागतं.

‘‘छान घातलीये,’’ मी म्हणाले. ‘‘बाबा घालतात?’’

‘‘नाही गं. बाबांना कुठे येते!’’ ती हसली. ‘‘आईच घालते रोज. मध्ये चार महिने शनिवारची तेवढी मलाच घालावी लागायची, ती दुपारी घरी नसायची. आता असते.’’